तिथं बघायला कोण होतं? विश्वाच्या सुरुवातीचे पुरावे

मे महिन्यात सोलापुरात रात्री दहा वाजता अनवाणी गच्चीवर जाऊन बघा. सूर्य मावळून तीन तास होऊन गेलेले असतात, जरा वाराही सुटलेला असतो, पण पायाखालचा स्लॅब अजून चटके देतो. आमच्याकडे झोपायच्या आधी गच्चीवर चार बादल्या पाणी मारतात. पाणी पडलं की मातीसारखा वास येतो, वाफ उठते आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळं पुन्हा कोरडं.

अशाच एका रात्री शेजारचे मामा आणि मी सतरंजी टाकून बसलो होतो. मामांची चाळीस वर्षं चादरीच्या मागावर गेली. मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्यांच्या नातवानं दुपारी पुस्तकात वाचलं होतं की विश्वाची सुरुवात सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी झाली, आणि तेव्हापासून घरात त्यावर वाद चालू होता. मामांनी मला सरळ विचारलं, "सर, एवढ्या वर्षांमागचं सांगताव, तिथं बघायला कोण होतं?"

प्रश्न रास्त आहे. शाळेत मुलं हा प्रश्न विचारत नाहीत, कारण परीक्षेला तो येत नाही. पण ज्याला खरंच जाणून घ्यायचंय तो आधी हेच विचारणार. मी मामांना म्हटलं, तुमच्या हातात एखादी चादर दिली, जी तुम्ही विणताना बघितलेली नाही, तर मागावर काय झालं होतं ते सांगाल का?

"सांगतो की." आणि ते खरंच सांगायला लागले. नक्षीत ठरावीक अंतरानं तोच एक ठिपका चुकलेला दिसला, तर जेकार्डच्या, म्हणजे नक्षी ठरवणाऱ्या भोकांच्या पुठ्ठ्यांच्या, माळेतल्या एका पुठ्ठ्याचं भोक बुजलंय. उभी रेघ वरपासून खालपर्यंत सरळ गेली असेल, तर ताण्यातला एक धागा तुटला आणि कुणी सांधला नाही. आडवा पट्टा वेगळ्या छटेचा दिसला, तर मधेच दुसऱ्या रंगाटीच्या सुताची कांडी लागली. माग कुठला, विणकर कोण, काही माहीत नाही. तरी काय घडलं ते कापड सांगतं.

विश्वाच्या बाबतीतही आपल्या हातात फक्त कापड आहे. पण त्यावरच्या खुणा इतक्या स्पष्ट आहेत, आणि एकमेकींशी इतक्या जुळतात, की सुरुवातीबद्दल आपण अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त बोलू शकतो. त्या रात्री मामांना जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवायला हवी, ती म्हणजे लांबचं बघणं म्हणजे जुनं बघणं. प्रकाशाला पोचायला वेळ लागतो. आत्ता दिसणारा चंद्र सव्वा सेकंदापूर्वीचा असतो, सूर्य सव्वाआठ मिनिटांपूर्वीचा. नान्नजच्या माळरानावर, गावाच्या दिव्यांपासून लांब, हिवाळ्याच्या सुरुवातीला देवयानी नक्षत्रात एक पुसट धुरकट ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. ती देवयानी दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह. तिचा प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीवर आपल्यासारखा माणूस नव्हता. तो प्रकाश २५ लाख वर्षं प्रवास करून आपल्या डोळ्यांत पडतो. म्हणजे "तिथं बघायला कोण होतं" याचं अर्धं उत्तर असं, की आपणच आत्ता बघतोय. जितकी मोठी दुर्बीण, तितका जुना काळ समोर.

आता पहिली खूण.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हेस्टो स्लायफर नावाचा अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ दीर्घिकांचे वर्णपट घेत होता. प्रकाश लोलकातून गेला की त्याचे रंग वेगळे होतात, आणि त्या रंगांच्या पट्ट्यात ठरावीक जागी काळ्या किंवा उजळ रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या, जणू त्याचा अंगठा. स्लायफरला दिसलं की बहुतेक दीर्घिकांच्या रेषा आपल्या नेहमीच्या जागेवरून तांबड्या रंगाकडे सरकलेल्या आहेत. याला ताम्रसृती म्हणतात. लाट ताणली गेली की ती तांबड्याकडे सरकते. रेल्वे फाटकाजवळ उभं राहिलं आणि शिट्टी वाजवत गाडी आपल्याला ओलांडून लांब गेली, की शिट्टीचा सूर एकदम खाली उतरतो, तसंच काहीसं.

पण त्या दीर्घिका किती लांब आहेत हे कळल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. ती किल्ली शोधली हेन्रिएटा लेविट या बाईंनी. हार्वर्डच्या वेधशाळेत त्या फोटोच्या काचा तपासायचं काम करत. त्यांना ऐकू फार कमी यायचं. काही तारे ठरावीक दिवसांनी मंद-तेजस्वी, मंद-तेजस्वी होत राहतात. त्यांना सेफिड तारे म्हणतात. १९१२ साली लेविट यांनी दाखवून दिलं की या ताऱ्याचा फेरा जितका लांब, तितका तो मुळात जास्त तेजस्वी. म्हणजे दिवस मोजले की दिव्याचे वॅट कळले. वॅट कळले आणि दिवा किती मंद दिसतो हेही कळलं, की तो किती लांब आहे ते गणितानं निघतं. माझ्या मते या सगळ्या गोष्टीत सगळ्यात कमी मान मिळालेली व्यक्ती हीच. विश्व मोजण्याची पट्टी तिनं दिली.

एडविन हबलनं ती पट्टी वापरली. १९२३ साली त्याला देवयानीत सेफिड तारा सापडला आणि ती आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर आहे हे ठरलं. पुढं मिल्टन ह्युमसन त्याच्या जोडीला आला. हा गडी हबल जिथं काम करायचा ती वेधशाळा बांधली जात असताना खेचरांवरून सामान डोंगरावर न्यायचा, मग तिथंच झाडलोट करायला लागला, आणि शेवटी त्या काळच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या दुर्बिणीवर सगळ्यात लांबच्या दीर्घिकांचे वर्णपट घेणारा माणूस झाला. १९२९ साली हबलनं निष्कर्ष मांडला: दीर्घिका जितकी लांब, तितकी ती जास्त वेगानं दूर जाते. दुप्पट अंतर, दुप्पट वेग. बेल्जियमचे धर्मगुरू आणि गणिती जॉर्ज लमेत्र यांनी हेच दोन वर्षं आधी, १९२७ साली, आइन्स्टाइनच्या समीकरणांतून काढलं होतं.

इथं सगळ्यांचा एक घोटाळा होतो. सगळं आपल्यापासून दूर जातंय, म्हणजे आपण मध्यभागी? नाही. भोगीला घरात तीळ लावून बाजरीची भाकरी करतात ती आठवा. आई परातीत उंडा घेते, वर तीळ टाकते आणि थापायला लागते. उंडा लहान असतो तेव्हा तीळ जवळजवळ असतात. भाकरी पसरत जाते तसा प्रत्येक तीळ दुसऱ्या प्रत्येक तिळापासून लांब जातो. आता यातला कुठलाही एक तीळ धरा. त्याच्यापासून एक बोट अंतरावरचा तीळ दोन बोटांवर गेला, तर तेवढ्याच वेळात दोन बोटांवरचा चार बोटांवर जातो आणि तीन बोटांवरचा सहावर. म्हणजे जो जास्त लांब, तो जास्त वेगानं सरकला. कुठल्याही तिळावर बसलात तरी हाच नियम दिसणार, आणि प्रत्येक तिळाला वाटणार आपणच मधोमध. तीळ पिठातून पळत नाहीत, पीठच पसरतंय. विश्वातही अवकाशच पसरतंय, आणि प्रवासात असलेली प्रकाशाची लाट त्याच्याबरोबर ताणली जाते. उपमा एवढ्यापुरतीच घ्यायची. भाकरीला कड असते. विश्वाला अशी कड असल्याची काहीच खूण नाही.

पसरणं उलटं फिरवलं तर? आजच्या मापानं, ३२ लाख ६० हजार प्रकाशवर्षं लांब असलेली दीर्घिका सेकंदाला साधारण ७० किलोमीटर वेगानं दूर जाते. अंतराला वेगानं भागा. पाचवीतलं गणित आहे, फक्त शून्यं जास्त. उत्तर येतं सुमारे १४०० कोटी वर्षं. दुप्पट लांबची दीर्घिका दुप्पट वेगाची, त्यामुळं उत्तर तेच. म्हणजे सगळं एकमेकांजवळ होतं तो काळ साधारण एवढ्या मागं. वेग सगळा वेळ सारखा नव्हता, ती दुरुस्ती केली की १३८० कोटी येतात.

गोष्ट इतकी सरळ मात्र घडली नाही. हबलनं तेव्हा हेच गणित केलं तर उत्तर २०० कोटी वर्षांच्या आसपास येत होतं, आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने निघत होते. लेकरू आईपेक्षा मोठं! चूक पट्टीत होती. सेफिड ताऱ्यांच्या दोन जाती आहेत हे वॉल्टर बाडेनं नंतर दाखवलं, १९५२ मध्ये अंतरं दुरुस्त झाली आणि वय वाढलं. पण मधल्या काळात शहाण्या माणसांनी या कल्पनेवर शंका घेतली आणि ती घ्यायलाच हवी होती. फ्रेड हॉइल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९४८ साली स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला: विश्व पसरतं, पण रिकाम्या जागेत सतत थोडं थोडं नवं द्रव्य तयार होत राहतं, म्हणून ते नेहमी सारखंच दिसतं, त्याला सुरुवात नाही. 'बिग बँग' हे नावसुद्धा हॉइल यांनीच १९४९ साली बीबीसी रेडिओवर पहिल्यांदा उच्चारलं, आणि ते या कल्पनेचे विरोधक होते. मराठीत आपण महास्फोट म्हणतो. दोन्ही शब्द थोडे फसवे आहेत, कारण एखाद्या जागी सुतळी बाँब फुटावा आणि तुकडे रिकाम्यात उडावेत असं काही झालं नाही. जे होतं ते सगळीकडे होतं, फार दाट आणि फार गरम होतं, आणि पसरत निवत गेलं. सिद्धांत खरं तर एवढंच म्हणतो.

हॉइल यांचे सगळ्यात नावाजलेले विद्यार्थी म्हणजे आपले जयंत नारळीकर, जन्म १९३८ चा, कोल्हापूरचा. मराठीत विज्ञान वाचणाऱ्या माझ्या पिढीला त्यांच्यामुळं आकाशाकडं बघायची गोडी लागली. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्यांनी १९९३ साली हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत स्थिर स्थितीचं नवं रूप मांडलं आणि महास्फोटावरच्या शंका उघडपणे मांडत राहिले. बहुतेक शास्त्रज्ञांना त्यांचं म्हणणं पटलं नाही, मलाही पुरावे दुसऱ्या बाजूला झुकलेले दिसतात. पण "कशावरून?" हा प्रश्न त्यांनी सोडला नाही, याचं मोल मला फार वाटतं. त्यांच्याकडं मी पुन्हा येणार आहे.

आता दुसरी खूण, म्हणजे गच्चीवरचा तो स्लॅब: सूर्य गेला तरी ऊब मागं राहते.

विश्व जर खरोखर गरम होतं, तर ती ऊब कुठं गेली? बाहेर जायला जागाच नाही. विश्वाला बाहेर असं काही नसतं. म्हणजे ती अजून इथंच असायला हवी, निवलेली. १९४८ साली राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी हिशेब करून सांगितलंही, की आज ती ऊब निरपेक्ष शून्याच्या वर साधारण ५ अंश असावी. निरपेक्ष शून्य म्हणजे उणे २७३ सेल्सिअस, त्याखाली थंड काही होऊच शकत नाही. त्यांच्याकडं फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

सोळा वर्षांनी, १९६४ मध्ये, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या होमडेल इथं आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन हे दोघं एका मोठ्या कर्ण्यासारख्या अँटेनावर काम करत होते. अँटेना कुठंही वळवला तरी बारीक खरखर यायची. दिवसा यायची, रात्री यायची, उन्हाळ्यात, हिवाळ्यात, न्यूयॉर्क शहराकडं तोंड केलं तरी आणि रिकाम्या आभाळाकडं केलं तरी. त्यांनी एकेक सांधा तपासला, पट्ट्या लावल्या. आत कबुतरांनी घरटं केलेलं आढळलं. ती हलवली, विष्ठा खरवडून काढली. खरखर गेली नाही. मला हा भाग मुलांना सांगायला फार आवडतो, कारण ते दोघं विश्वाची सुरुवात शोधायला निघालेच नव्हते. त्यांना फक्त आपलं यंत्र नीट हवं होतं, आणि "चालतंय की एवढं" म्हणून त्यांनी सोडून दिलं नाही.

त्याच वेळी तिथून तासाभराच्या अंतरावर प्रिन्स्टनमध्ये रॉबर्ट डिकी आणि त्यांचे सहकारी नेमकी हीच ऊब शोधायला उपकरण बांधत होते. पेन्झियस यांचा फोन आला, डिकींनी ऐकून घेतलं, आणि खोलीतल्या सहकाऱ्यांना सांगितलं की आपल्या आधी दुसऱ्यांनी बाजी मारली. १९६५ साली दोन्ही गटांचे लेख शेजारी शेजारी छापून आले. पेन्झियस आणि विल्सन यांना १९७८ चं नोबेल मिळालं.

ती खरखर म्हणजेच ही ऊब. हे प्रारण, म्हणजे लाटांच्या रूपानं येणारी ही ऊब, नेमकं कुठून येतं? पहिली तीन लाख ऐंशी हजार वर्षं विश्व इतकं गरम होतं की अणू टिकतच नव्हते. इलेक्ट्रॉन मोकळे फिरत. मोकळा इलेक्ट्रॉन प्रकाशाला सरळ जाऊ देत नाही, इकडं तिकडं ढकलत राहतो. डिसेंबरात पहाटे उजनीच्या पाण्यावर धुकं असतं तेव्हा उजेड असतो पण पलीकडचा काठ दिसत नाही, तसं सगळं विश्व धुक्यात होतं. पसरता पसरता तापमान ३००० अंशांवर आलं. इलेक्ट्रॉन अणूंमध्ये बांधले गेले, धुकं विरलं, आणि प्रकाश मोकळा सुटला. तो तेव्हापासून चालतोच आहे. त्यानंतर विश्व साधारण ११०० पट पसरलं, तेवढ्याच पट लाटा ताणल्या गेल्या, तेवढंच तापमान उतरलं. ३००० ला ११०० नं भागा. २.७ येतात. आज मोजलेलं तापमान आहे २.७२५ अंश. मामांना मी हे कागदावर भागाकार करून दाखवलं.

नुसतं तापमान जुळलं म्हणून शंका घेणारा गप्प बसणार नाही, आणि बसूही नये. दुसऱ्या कशानंही थोडीफार ऊब येऊ शकते. खरी परीक्षा वेगळी होती. पूर्णपणे एका तापमानाला मुरलेली वस्तू कुठल्या लांबीच्या लाटा किती प्रमाणात सोडते याचा एक ठरलेला आलेख असतो. विश्व एके काळी दाट आणि गरम होतं, तर या उबेचा आलेख हुबेहूब तसाच यायला हवा. ताऱ्यांची किंवा धुळीची ऊब एकत्र होऊन आली असेल, तर तो वेडावाकडा येईल. १९८९ च्या नोव्हेंबरात कोबे हा उपग्रह वर गेला. जानेवारी १९९० मध्ये जॉन मॅथर यांनी अमेरिकेतल्या खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत पहिला आलेख पडद्यावर दाखवला, फक्त नऊ मिनिटांच्या मोजमापांचा. मोजलेले बिंदू आणि गणितातली रेषा यांत डोळ्याला फरकच दिसत नव्हता. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं.

आणि आता पुण्याची गोष्ट. ऊब निवत आली असेल, तर पूर्वी ती जास्त असायला हवी. हे तपासता येतं, कारण लांबचं म्हणजे जुनं. पुण्यातल्या आयुका संस्थेचे आर. श्रीआनंद आणि त्यांचे दोन फ्रेंच सहकारी यांनी चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीनं एका फार लांबच्या वायूच्या ढगातले कार्बनचे अणू तपासले. ते अणू आजूबाजूची ऊब किती आहे त्याप्रमाणे आपली स्थिती बदलतात, म्हणजे तो एक आयता थर्मामीटर. हिशेबानुसार त्या काळी तापमान ९ अंश असायला हवं होतं. मोजमापातून निघालं ते ६ ते १४ अंशांच्या मधलं. आजच्या पावणेतीनपेक्षा नक्कीच जास्त. हा लेख २००० साली प्रसिद्ध झाला. आयुका १९८८ साली स्थापन केली ती नारळीकर सरांनी, आणि तेव्हा तिथले संचालकही तेच होते. ज्यांनी आयुष्यभर या सिद्धांताला प्रश्न विचारले, त्यांच्याच संस्थेतल्या माणसाच्या हातून त्याच्या बाजूचा एक पक्का पुरावा आला. मला यात फार मोठी श्रीमंती दिसते.

तिसरी खूण हीलियमची. आणि ती आपल्या उंबऱ्यापासून सुरू होते.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झालं. त्याचा पट्टा दक्खन ओलांडून गेला. सोलापूरपासून शंभर किलोमीटरवरच्या विजापुरात कॅप्टन हेग, जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल, पलीकडं गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन, असे ठिकठिकाणी लोक वर्णपटदर्शक लावून बसले होते. पावसाळ्याचे दिवस, ढग येत-जात होते. सूर्य झाकला गेल्यावर कडेनं उसळणाऱ्या ज्वाळांच्या वर्णपटात उजळ रेषा दिसल्या, आणि त्यातली एक पिवळी होती. आधी सगळ्यांना ती सोडियमची वाटली. पुढं इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी नीट मोजलं तर ती सोडियमच्या जागेवर बसत नव्हती. पृथ्वीवर माहीत असलेल्या कुठल्याच मूलद्रव्याची ती नव्हती. म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून तिला हीलियम हे नाव पडलं. पृथ्वीवर हीलियम सापडायला १८९५ साल उजाडलं. विल्यम रॅमसेंनी तो एका युरेनियमच्या खनिजातून काढला. जत्रेतला फुगा ज्यानं वर जातो तो हा वायू.

पुढं कळलं की विश्वातल्या साध्या द्रव्याचं वजन केलं तर साधारण तीन हिस्से हायड्रोजन आणि एक हिस्सा हीलियम भरतो. इतका हीलियम आला कुठून? तारे हायड्रोजन जाळून हीलियम करतात खरे, पण आजवरच्या सगळ्या ताऱ्यांनी मिळून केलेला हिशेबात घेतला तरी तो फार थोडा भरतो. शिवाय ज्या लहान दीर्घिकांमध्ये ताऱ्यांची राख, म्हणजे त्यांनी बनवलेली जड मूलद्रव्यं, जवळजवळ नाहीच, तिथंही हीलियम चोवीस टक्क्यांच्या आसपास असतोच. त्याखाली तो कुठंही जात नाही. म्हणजे तारे पेटायच्या आधीच तो तयार होता.

गरम सुरुवात मानली तर हा आकडा आपोआप निघतो. पहिल्या काही मिनिटांत विश्वाचं तापमान अब्जावधी अंशांवरून उतरत होतं. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन होते. न्यूट्रॉन किंचित जड, म्हणून ते कमी बनले, आणि मोकळे राहिले तर काही मिनिटांत मोडतातही. अणुकेंद्रं जुळायची वेळ आली तेव्हा एका न्यूट्रॉनमागं सात प्रोटॉन उरले होते. आता सोळा कण घ्या: दोन न्यूट्रॉन, चौदा प्रोटॉन. हीलियमच्या एका केंद्राला दोन न्यूट्रॉन आणि दोन प्रोटॉन लागतात. ते जुळले. उरले बारा प्रोटॉन, म्हणजेच हायड्रोजन. सोळातले चार हीलियम. पंचवीस टक्के. हे गणित फळ्यावर संपतं तेव्हा वर्गात दर वर्षी एक-दोन मुलं तरी "आँ?" करतात, आणि त्या एका "आँ"साठी मी वर्षभर थांबतो.

दीर्घिकांचं दूर जाणं, आभाळातली ऊब आणि हीलियमचं प्रमाण, या तीन गोष्टी तीन वेगळ्या प्रकारच्या माणसांनी, तीन वेगळ्या यंत्रांनी मोजल्या. एकाची चूक दुसऱ्याच्या हिशेबात शिरायला वाव नाही. माझ्या लेखी खरा जोर इथं आहे.

मामांना मात्र सगळ्यात जास्त पटली ती चौथी खूण, कारण ती नक्षीची आहे. आभाळातली ऊब सगळीकडं अगदी सारखी नाही. लाखात एखाद्या भागाचा फरक आहे. तो फरक कोबेनं १९९२ साली दाखवला, पुढं डब्ल्यूमॅप आणि प्लँक या उपग्रहांनी बारकाईनं टिपला. हे किंचित उबदार-गार ठिपके आभाळात साधारण एक अंश रुंदीचे दिसतात, पौर्णिमेचे दोन चंद्र शेजारी ठेवावेत एवढे. ते कशामुळं झाले? धुक्याच्या काळात त्या दाट गरम द्रव्यातून आवाजाच्या लाटा जात होत्या. धुकं विरलं त्या क्षणी लाटा जिथवर पोचल्या होत्या, तिथं थिजल्या. जिथं द्रव्य किंचित जास्त होतं तिथं पुढं दीर्घिका जमल्या. तेव्हा दीर्घिकांच्या नकाशातही त्या लाटेचं माप सापडायला हवं. २००५ साली हजारो दीर्घिकांची एकमेकांपासूनची अंतरं मोजली तेव्हा ते सापडलं: साधारण ५० कोटी प्रकाशवर्षं अंतरावर दीर्घिकांच्या जोड्या अपेक्षेपेक्षा थोड्या जास्त भरतात.

"म्हणजे पुठ्ठा एकच," मामा म्हणाले. "ठिपका ठरावीक अंतरानं परत यायलाय." अगदी बरोबर नाही, विश्वाची नक्षी चादरीसारखी आखून काढलेली नसते, ती गर्दीतून मोजूनच कळते. पण मूळ गोष्ट त्यांनी पकडली होती.

न जुळणारे धागेही आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. हीलियम जुळतो, पण त्याच पहिल्या मिनिटांत बनलेला लिथियम हिशेबापेक्षा साधारण एक तृतीयांशच सापडतो. प्रसरणाचा वेग (वर जो सेकंदाला साधारण ७० किलोमीटर धरला तो) जवळच्या ताऱ्यांवरून मोजला तर ७३ च्या आसपास येतो आणि त्या जुन्या उबेवरून काढला तर ६७ च्या आसपास; हा फरक अजून मिटलेला नाही. २०२१ च्या डिसेंबरात गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीला सुरुवातीनंतर तीसेक कोटी वर्षांतच अपेक्षेपेक्षा तेजस्वी दीर्घिका दिसल्या आहेत. यावरून अधूनमधून "महास्फोट खोटा ठरला" अशा बातम्या फिरतात. त्यांवर विश्वास ठेवू नका. दीर्घिका किती लवकर वाढल्या हा प्रश्न वेगळा, आणि विश्व गरम, दाट होतं का हा वेगळा. दुसऱ्याचं उत्तर हीलियम आणि ती ऊब कधीच देऊन बसलीत.

"आणि त्याच्या आधी?" मामांनी विचारलंच.

हीलियमची खूण आपल्याला पहिल्या सेकंदापर्यंत मागं नेते. प्रयोगशाळेत कण एकमेकांवर आदळून त्याहून कितीतरी आधीच्या क्षणांसारखी उष्णता तयार करता येते. त्याच्या मागं गेलं की आपल्या हातातली समीकरणंच चालेनाशी होतात. तिथं काळ सुरू झाला की त्याआधीही काही होतं, यावर कल्पना पुष्कळ आहेत, खूण एकही नाही. "कापड तिथवर नाही," एवढंच मी त्यांना म्हणालो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामांनी माळ्यावरचा जुना, डब्याचा टीव्ही खाली उतरवला. मीच बोललो होतो, की जुन्या टीव्हीवर कुठलंच स्टेशन लागलं नसताना ज्या मुंग्या दिसतात, त्यांतला शंभरातला साधारण एक हिस्सा त्या जुन्या उबेचा असतो. धूळ पुसली, केबल काढून अँटेनाची तार लावली, बटण फिरवलं. खर्रर्र आवाज आला आणि पडदा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांनी भरून गेला. नातू पडद्याला नाक लावून बसला. यातला कुठला ठिपका तिथून आलाय, हे त्याला शोधायचं होतं. मामा मागं उभे होते. थोड्या वेळानं त्यांनी ट्यूबलाइट बंद केली, म्हणजे नीट दिसेल.